सणाला घुमणारा आवाज कोणाचा?



आजच्या भागात हप्त्याची, कर्जाची नाही तर आमच्या वसुलीची चर्चा नाही. आज आम्ही एका गाणाऱ्या माणसाची गोष्ट सांगणार आहोत. त्याचं नाव प्रल्हाद शिंदे. नाव सांगितल्यावर काही जणी विचारात पडतील. पण आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकला आहे. गणपती बसला की पहिल्या दिवशी भोंग्यावर ‘तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता’ लागतं, तो आवाज त्यांचा. आषाढीत ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ लागतं, तोही त्यांचाच. सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजी यायच्या आधी जी कथा गाण्यातून ऐकू येते, ती पण त्यांनीच गायलेली.

ही गोष्ट शोधायची वेळ आमच्यावर का आली, ते आधी सांगतो.

मागच्या भादव्यात आम्ही वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात गटाच्या मासिक बैठकीला गेलो होतो. बैठक मारुतीच्या पारावर आणि समोरच गणपतीचा मांडव. भोंगा एवढा मोठा की सचिवताई कर्जाचे आकडे वाचत होत्या, ते कोणाला ऐकू येईना. शेवटी त्या म्हणाल्या, “थांबा वं बाया, हे गाणं संपू द्या.” आम्ही थांबलो. तेव्हा पाराच्या खालच्या पायरीवर बसलेल्या एक वयस्क ताई हळूच म्हणाल्या, “हा आवाज आमच्या प्रल्हाददादाचा हाये.” त्या ताई बौद्धपुऱ्यातल्या. वर बसलेल्या एकीला हसू आलं. ती म्हणाली, “काहीतरीच माय! गणपतीचं गाणं अन् तुमच्यातला माणूस?” बोलायला बोलून गेली आणि मग सगळ्या गप्प झाल्या. गाणं संपलं, वसुलीचे आकडे वाचून झाले, बैठक संपली. पण ते वाक्य आमच्याबरोबर एसटीत बसून घरापर्यंत आलं. पायरीवरच्या ताईचं म्हणणं खरं होतं, हे आम्हाला तेव्हा धड सांगता आलं नाही, कारण आम्हालाही नीट माहीत नव्हतं. बी.ए.ला आम्ही पेशव्यांपासून स्वातंत्र्यापर्यंतचा इतिहास शिकलो, पण आपल्या सणांना गाणाऱ्या माणसाचं एक पानही त्यात नव्हतं. म्हणून ही चौकशी.

प्रल्हाद भगवानराव शिंदे यांचा जन्म १९३३ सालचा, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचा. घर दलित समाजातलं आणि गरिबीचं. आईचं नाव सोनाबाई. आईवडील गाऊन पोट भरायचे. गावोगावी, रस्त्यावर भजनं म्हणायची आणि लोक देतील त्यात लेकरं वाढवायची, असा तो संसार. लहानगा प्रल्हाद आईवडिलांबरोबर फिरायचा आणि त्यांच्या आवाजात आवाज मिसळायचा. त्यांची गाण्याची शाळा ती हीच. आता रस्त्यावर गाणाऱ्याला दोन गोष्टी शिकाव्याच लागतात. एक, आवाज मोकळा सोडावा लागतो, नाहीतर चार पावलांवरच्या माणसाला तो ऐकू जात नाही. दुसरी, शब्द स्वच्छ लागतो, कारण घाईत चाललेल्या माणसाला शब्द कळला नाही तर तो थांबत नाही. या दोन्ही गोष्टी पुढे त्यांच्या प्रत्येक गाण्यात राहिल्या. आजही फाटका भोंगा असला तरी प्रल्हाद शिंद्यांचं गाणं शब्दाशब्दाने कळतं.

मंगळवेढा हे गाव आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत असतं. संत चोखामेळा चौदाव्या शतकात तिथेच गेले. गावकुसाची भिंत बांधायचं काम चालू असताना ती कोसळली आणि मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. चोखोबा म्हणजे आपले शेजारीच. त्यांचं जन्मगाव म्हणून बुलढाणा जिल्ह्यातलं, देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा सांगतात. त्यांच्या पत्नी सोयराबाई आणि बहीण निर्मळा यांनीही अभंग रचले. विठ्ठलावर एवढं लिहिलं, पण या घराला विठ्ठलाच्या देवळात पाय ठेवता आला नाही. चोखोबांची समाधी पंढरपूरला आहे ती देवळाच्या बाहेर, महाद्वारासमोर, पायरीपाशी.

मंगळवेढ्याहून पंढरपूर जवळच. प्रल्हाद लहान होते तेव्हासुद्धा तिथे हीच रीत चालू होती. १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं. १ मे ते १० मे, दहा दिवस. तेव्हा कुठे विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या माणसांना उघडं झालं. त्या वर्षी प्रल्हाद चौदा वर्षांचे होते. म्हणजे ज्या माणसाच्या आवाजात आज लाखो लोक पंढरीची वाट ऐकतात, त्याच्या बालपणाची चौदा वर्षं त्याच पंढरीचं दार त्याच्या समाजाला बंद होतं. हे गाणं आपल्याकडेही वाजतं. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते, ती मेडशी, शिरपूर, रिसोड अशी आपल्या जिल्ह्यातूनच जाते. चहापाण्याच्या मांडवात हेच गाणं लावलेलं असतं आणि आपण वारकऱ्यांना पाणी देता देता ते गुणगुणत असतो.

पुढे प्रल्हाद शिंदे मुंबईच्या गाण्याच्या दुनियेत आले. तेव्हा कव्वालीचा मोठा बोलबाला होता. इस्माईल आझाद हे त्या काळचे नावाजलेले कव्वाल. त्यांच्या पार्टीत ते कोरसमध्ये गायले. कोरस म्हणजे मुख्य गायकाच्या मागे बसून ध्रुवपद उचलणारे. टाळी कधी पडली पाहिजे आणि समोरच्याला गाण्यात कसं ओढायचं, हे कव्वालीत शिकायला मिळतं. भजनाचा गळा घरून आला आणि हा ठेका कव्वालीतून. म्हणूनच त्यांचं देवाचं गाणंसुद्धा टाळी वाजवत म्हणता येतं. एक ओळ ते म्हणतात, तीच मागून कोरस म्हणतो. एवढ्यात ती आपल्यालाही पाठ होते. पोळ्या लाटणारी बाईसुद्धा मागची ओळ धरू शकते.

मग एच.एम.व्ही. कंपनीसाठी त्यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली. इथे थोडं तबकडीचं सांगतो, कारण आमच्या गटातल्या तरुण मुलींनी ती पाहिलेलीच नाही. जुनी तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. मग मोठी तबकडी आली. ती एका बाजूला वीस मिनिटं चालायची, पण तिचा फोनो घ्यायला पैसा लागायचा. तो एखाद्या वाड्यात नाहीतर भोंगेवाल्याकडे असायचा. १९८०च्या सुमाराला कॅसेट आली आणि सगळं पालटलं. टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा, वीज नसली तरी बिघडत नव्हतं. कॅसेट स्वस्त होती, एकावरून दुसरी भरून घेता येत होती, बाजाराच्या दिवशी पथारीवर मिळत होती. नवनव्या कंपन्या निघाल्या आणि त्यांना खेड्यापाड्यातल्या गिऱ्हाइकासाठी गाणी हवी होती. सणाची गाणी दरवर्षी खपतात, कारण सण दरवर्षी येतो. अशा रीतीने प्रल्हाद शिंद्यांचा आवाज महाराष्ट्रातल्या गावागावांत पोचला.

या गाण्यांच्या मागे आणखी माणसं होती. ‘पाऊले चालती’ लिहिलं दत्ता पाटील यांनी, चाल मधुकर पाठक यांची. ‘तूच सुखकर्ता’ची चालही मधुकर पाठक यांचीच आणि शब्द हरेंद्र जाधव यांचे. काही जणी म्हणतील, सुखकर्ता दुःखहर्ता तर समर्थ रामदासांचं. ती आरती वेगळी, हे गाणं वेगळं. हरेंद्र जाधव मुंबईत शिक्षक होते. बाबासाहेबांवर त्यांनी खूप गीतं लिहिली. २०२२ साली जानेवारीत ते गेले. म्हणजे हे गणपतीचं गाणं लिहिणारा माणूस आंबेडकरी आणि गाणाराही आंबेडकरी घरातला. पायरीवरच्या ताईला हे पूर्ण ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं.

इथे एक प्रश्न येतो आणि तो गटातल्या एका ताईने आम्हाला विचारलाच. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, जुने देव सोडायला सांगितले. मग या माणसाने देवाची गाणी का गायली? आमच्या मते याचं एक उत्तर त्यांच्या लहानपणात आहे. गाणं हा त्या घराचा धंदा होता, आपल्याकडे कोणाचं शेत असतं तसा. भक्ताने मागितलं तर भजन, मैफलीत कव्वाली आणि आपल्या माणसांत भीमगीत. १४ एप्रिलला त्यांचा तोच मोकळा आवाज निळ्या झेंड्याखाली वाजतो. त्यांनी भीमगीतं जीव ओतून गायली. गावाचे दोन भाग वेगळे, त्यांचे सण वेगळे, पण दोन्ही भागांतल्या भोंग्यावर आवाज एकाच माणसाचा. फक्त एका भागाला त्याचं नाव माहीत होतं आणि दुसऱ्याला नव्हतं.

भीमगीतांचं नाव निघालं की वामनदादा कर्डकांना विसरून चालत नाही. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव. तरुणपणी ते मुंबईत मजुरी करायचे. एकदा एकाने त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि त्यांना वाचता येईना. फार वाईट वाटलं. मग अक्षरओळख करून घेतली आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते वाचायला शिकले. त्याच माणसाने पुढे हजारो गीतं लिहिली. आमच्या गटांत अंगठा सोडून सही शिकलेल्या कितीतरी जणी आहेत. त्यांना ही गोष्ट सांगितली की त्यांचे डोळे चमकतात. वामनदादा १५ मे २००४ला गेले.

त्यानंतर सव्वा महिन्याने, २३ जून २००४ला प्रल्हाद शिंदे गेले. आषाढी एकादशी तेव्हा आठवड्यावर आली होती. दिंड्या वाटेत होत्या आणि दिंडीच्या वाटेवर त्यांचं गाणं वाजत होतं.

घराणं गातं राहिलं. आनंद, मिलिंद, दिनकर ही त्यांची मुलं गायक झाली. आनंद शिंद्यांचं पोपटाचं गाणं तर आपल्या प्रत्येक लग्नाच्या वरातीत वाजलेलं आहे. नातू आदर्श शिंदे आता सिनेमात गातात. ‘दुनियादारी’ सिनेमातलं देवाच्या गाभाऱ्याचं गाणं त्यांच्या आवाजात आहे. आजोबांचा मोकळा गळा तिसऱ्या पिढीतही ओळखू येतो.

आता पैशाचं बोलू, कारण आपण बचत गटाच्या बाया आहोत आणि घामाचा हिशोब आपल्याला कळतो. एक गाणं चाळीस-पन्नास वर्षं वाजतं, तर गाणाऱ्याला त्याचं काय मिळतं? आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७चा. त्यात गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा हक्क धरला होता, पण गाणाऱ्या गळ्याचा हक्क धरलाच नव्हता. गाणाऱ्याने ठरलेले पैसे घ्यायचे आणि बाहेर पडायचं, अशीच सर्वसाधारण रीत होती. मग कॅसेट शंभर खपो की लाख. कायद्यात १९९४ला दुरुस्ती झाली, तेव्हा गाणाऱ्याचा हक्क पहिल्यांदा आला. २०१२च्या दुरुस्तीने गाणं धंद्यासाठी वापरलं तर त्यातला वाटा गायकाला मिळायची तरतूद झाली. तोवर प्रल्हाद शिंद्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती. बाईने घरात राबायचं आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, ही गोष्ट आपण जाणतो. गाणाऱ्यांची गतही बरीचशी तशीच होती.

आणि गाणाऱ्या बायांचं तर त्याहून कठीण. कव्वालीच्या मुकाबल्यात, भीमगीतांत सुषमादेवी, वैशाली शिंदे अशा बायांनी रात्र रात्र मैफली गाजवल्या. किती जणींना त्यांची नावं ठाऊक आहेत? त्यांच्याही मागे आपल्या घरातल्या गाणाऱ्या आहेत. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या पोरी. तीजेला गव्हाच्या टोपल्यांभोवती गाणाऱ्या तांड्यावरच्या याडी. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्या. त्यांची तबकडी कधी निघाली नाही. हेमा रायरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी महाराष्ट्रात गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. आम्हाला त्यात सगळ्यात आवडलं ते हे की ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. एरवी बाईची ओवी म्हणजे कोणाचीच नाही, असं धरतात.

हे सगळं गोळा केल्यावर आम्ही पुन्हा त्या गावात गेलो. पुढच्याच बैठकीत, पहिले हिशोब उरकले आणि मग प्रल्हाद शिंद्यांची ही गोष्ट सांगितली. मंगळवेढ्याची भिंत, पायरीपाशी असलेली चोखोबांची समाधी, १९४७चं उपोषण. पायरीचं नाव निघालं तेव्हा वर बसलेल्या दोघी-तिघींनी खाली पाहिलं. आमच्या गटातल्या ताई पाराच्या पायरीवर बसलेल्या होत्या, नेहमीसारख्या. त्यांना तिथे बसा असं कोणी म्हटलेलं नव्हतं. नवी नवरी म्हणून त्या गावात आल्या तेव्हा एकीने टोकलं होतं, त्याला चाळीस वर्षं झाली. टोकणारी म्हातारी मरूनही गेली. पण वर या असंही कोणी म्हटलं नव्हतं. गटात त्यांची बचत सगळ्यांएवढी, व्याज सगळ्यांएवढं, सहीसुद्धा त्याच वहीत आणि बसणं मात्र पायरीवर. आम्ही सहयोगिनी दर महिन्याला तिथे जात होतो आणि आमच्याही डोळ्यांना ते खुपलं नव्हतं. ही आमची चूक आहे आणि ती आज या कार्यक्रमात कबूल करतो.

ज्या ताई त्या दिवशी हसल्या होत्या, त्या उठल्या. म्हणाल्या, “वर ये न वं बाई. इथं जागा हाये.” पायरीवरच्या ताई लगेच उठल्या नाहीत. म्हणाल्या, “गुडघे दुखतात माय माहे.” मग दोघींनी हात दिला.

एवढ्याने गाव बदललं असं आम्ही म्हणणार नाही. पुढे बोलताना महालक्ष्म्यांच्या जेवणाचा विषय निघाला. एका घरी या ताईंना पुढच्या वर्षी बोलावायचं ठरलं, दुसऱ्या घरी सासूबाई नको म्हणाल्या. त्या ताईंनी स्वतः स्पष्ट सांगितलं, “मी पूजेले हात नाही जोडत. बाबासाहेबानं जे सांगतलं ते सांगतलं. पण पंगतीले बोलावसान तं बसीन.” त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं. एकत्र बसायचं म्हणजे एकीने आपला विचार सोडायचा असं नाही. या वर्षी १४ एप्रिलला गटातल्या सहा जणी पहिल्यांदा बौद्धपुऱ्यातल्या मिरवणुकीत पाणी वाटायला गेल्या. तिथे भोंग्यावर भीमगीत लागलं तेव्हा एकीने आम्हाला कोपराने ढोसलं आणि विचारलं, “हाच न तो? गणपतीतला?” होय, तोच.

मैत्रिणींनो, आता पुन्हा गणपती येतील. आमची तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या मांडवात हे गाणं लागलं की लेकरांना जवळ बोलवा आणि सांगा, हे प्रल्हाद शिंदे गात आहेत, मंगळवेढ्याचे. आणि गटाच्या ठराव वहीचं शेवटचं पान कोरं असतं, त्यावर तुमच्या गावात गाणाऱ्या म्हाताऱ्या बायांची नावं लिहा. बाईचं नाव, गाव, ती कोणतं गाणं म्हणते आणि ते तिला कोणी शिकवलं. तिची परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज भरून ठेवा. आपल्या पुढच्या भागात त्यातलं एखादं गाणं वाजवू, आधी गाणारीचं नाव सांगून.

आणि बैठक भरली की एकदा नजर फिरवा. कोण कुठे बसलं आहे ते पाहा.